दोन मुठींची करवत

उखा मिस्तरीच्या दारामागं पाच करवती टांगलेल्या होत्या आणि आठ दिवसांत त्यानं पाचांनाही नापास केलं होतं. एकीचे दात बारीक, दुसरीचं पातं आखूड, तिसरी वाजवीपेक्षा पातळ, चौथी नुसत्या पट्ट्या तोडायच्या लायकीची. पाचवी मुलानं, कुंदननं, आणून दिलेली, पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची. तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. रोज सकाळी चहा झाला की तो एकेक करवत खाली काढायचा, डोळ्यासमोर आडवी धरून पातं निरखायचा, नाक मुरडायचा आणि परत टांगायचा. सून बघायला गेलेली खाष्ट सासूसुद्धा इतकी खोट काढत नसेल.

ज्याच्यापायी हा खटाटोप चालला होता तो सागाचा ओंडका बाहेर ओट्याला टेकून पडला होता. हातभर जाड, दोन हात लांब. सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीत उखाची खोली तळमजल्याला होती म्हणून बरं, नाहीतर हे धूड जिन्यानं चढवायला कोण आलं असतं? गावाकडून एका भाऊबंदाचा टेम्पो रिकामाच येत होता, त्यात थोरल्या भावानं, छगननं, तो चढवून दिला होता. सोबत निरोप एवढाच होता, की यंदा कानबाई उखाच्या घरी बसेल, तिच्यासाठी याचा पाट कर.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी माणसाच्या घरी कानबाई ही देवी बसते. उखाच्या कुळात ती आजवर थोरल्याच्या घरी, गावातच बसायची. सगळे भाऊबंद जिथं असतील तिथून जमायचे, घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी घेऊन दळलेल्या गव्हाचे रोट व्हायचे, आणि ते कुळातल्याच माणसांनी खायचे, बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही. पण छगनची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. गावात आता रोट करायला बाई नाही आणि खायला माणसं नाहीत. अर्धंअधिक कूळ बमरोली, पांडेसरा, उधना असं सुरतेत येऊन पसरलंय. म्हणून यंदा कानबाईच सुरतेला यायची होती, आणि थोरला भाऊही.

कुंदन इच्छापोरला एका कारखान्यात फिटर होता. यंत्राशिवाय काम करणारा माणूस त्याला अडाणी वाटायचा, आणि त्यात त्याचा बापही आला. पहिल्याच रविवारी तो मित्राकडून विजेवर चालणारं गोल पात्याचं कटर घेऊन आला. उखानं त्याला ओंडक्याला हात लावू दिला नाही, आधी एका जाड वाशाच्या तुकड्यावर चालवून दाखव म्हणाला. पातं तीन बोटं आत गेलं आणि मशीनचं पोटच लाकडाला टेकलं.

"इकडून तीन बोटं, तिकडून तीन बोटं," उखा म्हणाला. "मधलं काय दातानं तोडशील?"

मग कुंदननं झाडं तोडणाऱ्या एकाची पेट्रोलवरची साखळीची करवत आणायची तयारी दाखवली. त्यावर उखानं चांगलं व्याख्यान दिलं. साखळी झाड आडवं करायला ठीक, पण उभी फळी काढायला नाही. लाकडाच्या रेषा तोडत कापायचं असेल तर दात वेगळे लागतात, रेषेच्या बाजूनं उभं चिरायचं असेल तर वेगळे, मोठे आणि विरळ, भुसा बाहेर काढत नेणारे. जाड लाकडात बारीक दाताची करवत घातली की भुसा दातांतच बसतो, पातं तापतं आणि मग करवत ना पुढं जाते ना मागं येते. आणि साखळी तर एका कापात अंगठाभर सागाचा भुगा करून टाकते. हे सगळं खरं होतं. पन्नास वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाचं बोलणं होतं ते, कुंदनलाही खोडून काढता आलं नाही.

"मंग लातीवर लई जाऊ ना, पप्पा," तो म्हणाला. "दस मिनिटनं काम शे."

लाती म्हणजे लाकडाची वखार. तिथं पट्ट्याची मोठी मशीन असते, तीवर असले दहा ओंडके तासाभरात चिरून मिळतात, तेही सरळ रेघेत. उखा थोडा वेळ ओंडक्याभोवती फिरला, मग म्हणाला, जुनं लाकूड आहे, पोटात खिळा असेल, लातीवाल्याचं पातं तुटलं तर तो आपल्या नावानं ओरडत बसेल. हे धडधडीत खोटं होतं. त्या ओंडक्याला कधी कुणी खिळा ठोकलेला नव्हता आणि हे उखाइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पुष्पाबाई आतून भाकरी थापता थापता ऐकत होती. "लाकूड कापानं शे का लाकडासंगे लगीन लावानं शे?" ती म्हणाली. "रविवार तोंडवर उना."

उखानं ओंडक्यावरची धूळ झटकली. त्याला पाट हवाच होता, पण पाटापेक्षा मोठी हाव त्याच्या पोटात होती आणि ती सांगायची त्याला लाज वाटत होती. बासष्ट वर्षांच्या माणसानं, नातू खेळवायच्या वयात, बायकोला काय सांगायचं? की मला एकदा, मरायच्या आधी एकदा, दादासमोर बसून करवत ओढायची आहे म्हणून?

बोरी नदीच्या काठच्या त्या गावात छगन आणि उखा ही करवतीची जोडी होती. एकाला बोलावलं तरी दोघं यायचे, कारण त्यांची करवत होतीच दोन मुठींची. पुरुषभर लांब पातं, दोन टोकांना दोन लाकडी मुठी. झाड पाडलं की त्याचा ओंडका लाकडाच्या तिरप्या घोड्यावर चढवायचा, काव लावलेल्या दोऱ्यानं त्यावर लाल सूत मारायचं. छगन वर उभा राहायचा, उखा खाली. वरच्यानं रेघ सांभाळायची, खालच्यानं तोंड मिटून ठेवायचं, कारण सगळा भुसा त्याच्याच अंगावर. संध्याकाळी उखा घरी यायचा तेव्हा भुवयांसकट पिवळा झालेला असायचा आणि आई त्याला दारातच उभा करून झटकायची.

त्या करवतीचा एक नियम होता, आणि छगननं तो उखाला अकराव्या-बाराव्या वर्षी शिकवला होता. करवत ओढायची, ढकलायची नाही. आपली ओढ झाली की हात सैल सोडायचा, मग करवत समोरच्याची. तो ओढेल, आणि परत आपल्याकडं येईल. जो ढकलतो तो पातं वाकवतो, रेघ चुकवतो, आणि समोरच्याचा खांदा मारतो. नवीन माणूस हमखास ढकलतो. त्याला वाटतं आपण मदत करतोय. उखाला हे अंगात भिनायला वर्ष लागलं. एकदा भिनल्यावर मात्र दोघं सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्द न बोलता ओढत राहायचे, आणि उखाला तेव्हा कसं वाटायचं हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. बरं वाटायचं, एवढंच तो म्हणेल. आपण सोडलं तरी दुसऱ्या टोकाला धरलेलं आहे, हे हाताला कळत असायचं.

अडतीस वर्षांपूर्वी पाटलाच्या बांधावरचा एक मोठा साग त्यांनी फळ्या करायला घेतला. सगळं झाड चिरून झालं, बुडाचा एक जाड ओंडका राहिला. मजुरीत तो पाटलानं त्यांनाच देऊन टाकला, आणि दुसऱ्या दिवशी घरासाठी त्याच्या फळ्या काढायचं ठरलं. छगननं तो संध्याकाळीच घोड्यावर चढवून, बांधून, सूत मारून ठेवला. आणि पहाटे उखा सुरतेच्या गाडीत बसला.

मावसभावानं निरोप धाडला होता, की बमरोलीत कारखान्यांना लाकूडकाम येणारा माणूस हवाय, महिन्याचा पगार मिळेल, आला तर लगेच ये. उखानं आईला सांगितलं. दादाला नाही सांगितलं. दादानं अडवलं असतं असं नव्हे, दादा कधीच कुणाला अडवत नसे. पण त्याचं तोंड बघितलं असतं तर उखाचा पायच निघाला नसता, आणि उखाला तर जायचं होतं. चोवीस वर्षांचा होता, भुवयांतला भुसा झटकून कंटाळला होता. नव्या नवलाईला भुलला म्हणा, भाकरीमागं गेला म्हणा, दोन्ही खरंच आहे.

पुढं सुरतेनं त्याला पोटभर दिलं, त्याबद्दल त्याची तक्रार नाही. बमरोलीच्या कापडाच्या मागांना तेव्हा लाकडाचे भाग असायचे, ते झिजायचे, तुटायचे, आणि उखा ते नवे घडवून बसवायचा. दिवसभर मागाची ती जा-ये बघायची. इकडून तिकडं, तिकडून इकडं. पहिल्या वर्षी तो कित्येकदा नुसता बघत उभा राहायचा आणि त्याचा उजवा हात आपोआप सैल पडायचा, समोरून कुणी ओढेल म्हणून. समोर कुणी नसायचं. मुकादम ओरडला की तो भानावर यायचा. पुढं नवे माग आले, त्यांत लाकडाचा तुकडा नाही. मग तो फर्निचरकडं वळला, प्लायवूड आणि वर चिकटवायचे कागद. त्याला ना रेघ, ना वास. सुट्टीच्या दिवशी तो उगाच लातीवर जाऊन उभा राहायचा, ताज्या चिरलेल्या सागाचा वास घ्यायला. लातीवाला विचारायचा, "शुं जोईए, काका?" हा म्हणायचा, काही नको.

छगननं कधी शब्दानं बोलून दाखवलं नाही. उखाच्या लग्नात तोच पुढं होता, कुंदनच्या बारशाला तोच तांब्याचा गडवा घेऊन आला, आई गेली तेव्हा दोघं भाऊ एकमेकांच्या खांद्यावर रडले. दरवर्षी कानबाईला उखा गावी जायचा. पण छगननं दुसरा जोडीदार धरला नाही. करवत आढ्याला टांगली आणि एकट्यानं होतील अशी कामं करत राहिला, दारं, खिडक्या, वखराचे दांडे. तो बुडाचा ओंडका तसाच घरात आणून ठेवला, त्यावर आई बसायची, मग वहिनी बसायची. करवतीचा विषय दोघांनीही असा टाळला, जसा लोक जुन्या वाटणीचा टाळतात. आणि उखाला मात्र वर्षं वाढतील तशी ती करवत जास्तच आठवू लागली. माणसाला वाटतं की आठवण हळूहळू झिजत जाते. उखाची झिजली नाही.

आता तोच ओंडका उखाच्या दारात येऊन पडला होता. कानबाईचा पाट तर करायचाच होता. पण दारामागच्या पाच करवती, कुंदनचं कटर, साखळी, लाती, यांतलं काहीच त्याला का चालत नव्हतं हे आता तुम्हाला समजलं असेल. पुष्पाबाईला ते केव्हाच समजलं होतं. तिनंच सोमवारी फोन त्याच्या हातात दिला. "करा फोन भाऊले," ती म्हणाली, "आनी मांगी टाका एकदाव."

उखानं फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं. पाऊस कसा, कपाशी कशी. उन्हाळ्यात हाताला लचक भरली असं छगन मागं म्हणाला होता, ती कशी आहे हेही विचारून झालं. बरी शे, छगन म्हणाला.

"दादा, ती करवत शे का आजून?"

पलीकडं छगन खाकरला.

"शे."

"येताना लई येशी का?"

"कसाले? सुरतले करवती भेटत नहीत का?"

"भेटतस," उखा म्हणाला. "तशी भेटत नही."

छगन म्हणाला, "बरं. आनसू."

गुरुवारी दुपारी उखा आणि कुंदन उधन्याच्या स्टेशनावर गेले. गाडी आली तेव्हा आधी करवत दिसली, गोणपाटात गुंडाळलेली, आणि तिला शिव्या देत बाजूला होणारी माणसं. मागून छगन. सत्तर वर्षांचा, पांढरी टोपी, पूर्वीपेक्षा वाळलेला. करवत त्यानं डाव्या हातात धरली होती. उजवा हात बंडीच्या खिशात होता. उखानं करवत घेतली आणि पाया पडायला वाकला, तर छगननं डाव्या हातानंच पाठीवर थाप मारली. चालताना त्याची एक चप्पल फरशीवर घासत होती.

घरी पुष्पाबाईनं डोक्यावर पदर ओढून थोरल्या दिरापुढं चहा ठेवला. त्यानं कप डाव्या हातानं उचलला. ती आत आली आणि उखाला खुणेनं बोलावून हळूच म्हणाली, "दादाना अंगवरथून वारं गयेल शे. हात देखा तेसना."

"लचक शे," उखा म्हणाला.

"लचक आशी ऱ्हास?"

"सांगं ना तुले, लचक शे!"

तो एवढ्यानं खेकसला की कुंदननं बाहेरून वाकून बघितलं. पुष्पाबाईनं चहाचं भांडं विसळायला घेतलं. तिनं पन्नाशी ओलांडताना एवढं शिकून घेतलं होतं, की पुरुषमाणसाला जे बघायचं नसतं ते त्याच्या नाकासमोर धरलं तरी दिसत नाही.

त्या संध्याकाळी उखानं गोणपाट सोडलं. छगननं करवतीला तेल लावून ठेवलं होतं, गंजाचा ठिपका नव्हता. मुठी दोघांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. उखानं कानस घेतली आणि एकेक दात घासायला बसला, मग एक दात डावीकडं, एक उजवीकडं असे किंचित वाकवत गेला. छगन शेजारी बसून बघत होता. मधूनच म्हणायचा, तो राहिला, किंवा, बस झालं. दोघांच्याही तोंडावर जे होतं ते बघून पुष्पाबाई दोनदा उगाच बाहेर आली आणि दोनदा तशीच आत गेली.

शुक्रवारी सकाळी उखानं ओंडका उभा केला आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याला दोरखंडानं आवळून बांधला. घोड्यावर चढायचं वय आता दोघांचंही नव्हतं, म्हणून समोरासमोर दोन स्टुलं टाकली. काव कालवली, दोरा भिजवला, माथ्यावर आणि दोन्ही बाजूंना सूत मारलं. लाल रेघ उमटली. वसाहतीतली चार माणसं बघायला थांबली होती, कुंदन मोबाइल धरून उभा होता. छगन येऊन स्टुलावर बसला. त्यानं उजवा हात खिशातून काढला, डाव्या हातानं तो उचलून मुठीवर ठेवला, आणि त्याच्यावर डावा ठेवला.

उखानं हे बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

"तू पयले," छगन म्हणाला.

उखानं ओढली. अडतीस वर्षांनी ओढली. दात सागात बसले, वास आला, तोच. ओढ पुरी झाली, त्यानं हात सैल सोडला आणि समोर बघितलं.

करवत तिकडं गेली नाही. थोडी थरथरली, चारेक बोटं सरकली, थांबली. छगनच्या मानेची शीर ताठ झाली होती. उजवा हात मुठीवर नुसता पडून होता.

आणि उखानं ढकललं. मुद्दाम नाही, म्हणजे निदान पहिल्यांदा तरी नाही. थोडंसंच. करवत गेली. त्यानं ओढली, परत थोडं ढकललं. मग थोडं जास्त. आता करवत दिसायला कशी छान इकडून तिकडं चालली होती. भुसा पडत होता. बघणारांपैकी कुणीतरी म्हणालं, वा, म्हातारे काय जोरात आहेत! कुंदन हसून चित्रण करत होता. उखाला घाम फुटला होता, दोन माणसांचं काम तो एकटा करत होता, आणि मनातल्या मनात कानबाईला विनवत होता, की दादाला कळू देऊ नकोस, एवढा पाट होईपर्यंत तरी कळू देऊ नकोस. पातं मधून वाकायला लागलं होतं. काप रेघेपासून करंगळीभर बाजूला गेला होता. खर्र-खर्र असा जो भरलेला आवाज यायला हवा तो फाटून कुरकुरत होता.

"उखा," छगन म्हणाला.

"काय, दादा?"

"तू ढकली राह्यना."

"नही, दादा."

"माले शिकाडू नको." छगननं मूठ सोडली नव्हती. आवाज चढवला नव्हता. "ढकलेल करवत हातले कशी लागस, ते माले माहीत शे."

कुंदननं मोबाइल खाली केला.

"तू गया ना, त्या दिन मी वाट देखी," छगन म्हणाला. तो ओंडक्याकडं बघत बोलत होता. "आईनी सांगं, उखा सुरतले गया. माले पटनं नही. म्हंतलं येई. ऊन वर उनं. मंग मी एकलाच बसनू. ओढू आनी ढकलू, ओढू आनी ढकलू. दुपारलगून. आशीच वाकत व्हती ती. वाकडी गयी, मंग मी तेवढा तुकडा तोडी टाका."

त्यानं हे अडतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नसेल सांगितलं. उखाच्या डोळ्यांसमोर तो आला, बत्तीस वर्षांचा दादा, उन्हात, दोन मुठींची करवत एका मुठीनं चालवणारा. दादा त्या दिवशी काय करत असेल, हा प्रश्न उखानं स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आपल्याला दादाची आठवण येते, एवढंच तो कुरवाळत बसला होता. तो रडायला लागला. शेजारपाजारच्यांसमोर, मुलासमोर, बासष्ट वर्षांचा उखा मिस्तरी हुंदके देऊन रडला.

"तुले सांगीसन जावाले पाहिजे व्हतं, दादा."

"हा," छगन म्हणाला. "पाहिजे व्हतं."

त्यानं एवढंच म्हटलं. जाऊ दे म्हटलं नाही, झालं गेलं गंगेला मिळालं असंही नाही. पुष्पाबाई दारात उभी होती. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि बघ्यांना हातानं खूण केली, तशी माणसं पांगली. कुंदन पुढं झाला, म्हणाला, "मोठा बाबा, राहू द्या ना, मी लातीवर..." पुष्पाबाईनं त्याचा दंड धरून त्याला आत ओढलं. रविवारच्या कानबाईला शेजारच्या उज्ज्वलाकडून चौरंग आणायचा, हे तिनं त्याच क्षणी ठरवून टाकलं.

छगननं उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर ठेवला. डाव्या हातानं मूठ धरली. पाय फाकवून नीट बसला.

"आते ढकलू नको," तो म्हणाला. "हाऊ हात शे माना. येळ लागी. तू थांब फक्त."

चुकलेला काप त्यांनी सोडून दिला आणि रेघेवर नवी सुरुवात केली. उखानं डोळे पुसले, ओढली, आणि हात सैल सोडला. छगननं ओढायला घेतली. एका डाव्या हातानं, खांदा मागं टाकत, श्वास घेत, मध्ये थांबत. करवत बोटभर गेली. थांबली. परत बोटभर गेली. उखाचा हात मुठीवर होता आणि त्या हाताला ढकलायची इतकी ऊर्मी येत होती, की त्यानं दात आवळून धरले. रविवारपर्यंत हा पाट होणार नव्हता, कदाचित या श्रावणातही होणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. जिन्यावरून पोरं शाळेला उतरत होती. दूधवाला येऊन गेला. करवत पुरती छगनच्या बाजूला पोचली तेव्हा त्यानं मान हलवली. मग उखानं ओढली, हात सैल सोडला आणि वाट बघत बसला.